दोनशे बारा मजले आणि एक नसलेला वड

ऑगस्ट २०२० मध्ये मायक्रोसॉफ्टचा नवा फ्लाइट सिम्युलेटर आला आणि थोड्याच दिवसांत जगभरचे हौशी वैमानिक ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नकडे वळले. तिथल्या फॉकनर नावाच्या साध्यासुध्या उपनगरात, बैठ्या घरांच्या मधोमध, काठीसारखा बारीक आणि आभाळात घुसलेला एक मनोरा उभा होता. प्रत्यक्षात तिथे तसलं काहीच नाही. ओपनस्ट्रीटमॅप या नकाशात कुणालाही भर घालता येते. त्यात एका इमारतीचे मजले लिहिताना २ च्या जागी २१२ पडले होते. नकाशात ती चूक पुढे दुरुस्त झाली, पण गेमने नकाशाची आधीची प्रत उचललेली. मग काय, लोक त्या मनोऱ्याभोवती घिरट्या घालायला लागले, त्याच्या माथ्यावर विमानं उतरवायला लागले. स्क्रीनशॉट फिरले, बातम्या झाल्या.

ग्लिच म्हटलं की आपल्याला असलंच काहीतरी आठवतं. हवेत तरंगणारा पूल, डोंगरावर चढणारी नदी, वितळलेल्या मेणासारख्या इमारती. माझं म्हणणं असं की हे ग्लिच निरुपद्रवी आहेत. ते स्वतःच ओरडून सांगतात, ‘मी चूक आहे.’ जो दोष लुकलुकत नाही, फ्रेमरेट पाडत नाही, उलट छान दिसतो, त्याची तक्रार कुणी करत नाही. मी अक्कलकोटला राहतो. सिम्युलेटरमध्ये माझं गाव असंच आहे. पूर्ण लोड झालेलं, आणि तरी नसलेलं.

माझ्या लॅपटॉपवर कुठला सिम्युलेटर आहे ते सांगत बसत नाही. तक्रार एका कंपनीबद्दल असती तर सेटिंग बदलून किंवा दुसरा गेम घेऊन मिटली असती. हा प्रश्न या अख्ख्या प्रकाराचा आहे.

आधी आपलंच घर तपासा

सिम्युलेटरमधली जमीन म्हणजे एक सलग चित्र नसतं, थरांची चळत असते. सगळ्यात खाली उंचसखलपणा. फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर या स्पेस शटलने ११ दिवसांत रडारने पृथ्वीवरची सुमारे ८० टक्के जमीन मोजली. त्या आकड्यांवर आजही अनेक नकाशे उभे आहेत. उंचीच्या या जाळीवर उपग्रहाचं किंवा विमानातून काढलेलं चित्र अंथरलेलं असतं. त्यावर रस्ते, रूळ, नद्या, तलाव यांच्या रेघा. त्यावर घरं आणि झाडं, जी संगणक स्वतःच्या अंदाजाने लावतो. याला ऑटोजेन म्हणतात. आणि सगळ्यात वर माणसांनी मुद्दाम घडवलेल्या गोष्टी: मोठे विमानतळ, प्रसिद्ध इमारती.

दृश्य बिघडलं की पहिला प्रश्न हा, की बिघाड कुठल्या थरात आहे. जमीन धूसर दिसतेय? बहुतेक वेळा नेट कमी पडतं किंवा ग्राफिक्स कार्डची मेमरी भरलेली असते. टेक्स्चर एक पायरी खाली आणा, कॅश पुसून टाका. रस्ता लुकलुकतोय? दोन पृष्ठभाग अगदी एकाच उंचीवर आले की पुढे कुणी यायचं हे कार्डला ठरवता येत नाही. धावपट्टी ओट्यावर ठेवल्यासारखी वर आलीय? विमानतळ बनवणाऱ्याची उंची आणि खालच्या जाळीची उंची यांचं जमलेलं नाही. बाहेरून आणलेल्या सिनरीने गोंधळ घातलाय? सगळी ॲड-ऑन बाजूला काढा आणि एकेक परत आणा. एक्स-प्लेनमध्ये तर सिनरीची यादीच एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये असते आणि वरची ओळ खालच्या ओळीला झाकते. नुसता क्रम बदलला तरी गायब झालेला विमानतळ परत येतो.

या सगळ्यापेक्षा उपयोगी अशी एक साधी परीक्षा आहे. गेम बंद करा, पुन्हा सुरू करा आणि त्याच जागी परत जा. बिघाड हलला, कमी-जास्त झाला, तर दोष बहुधा तुमच्या मशीनचा किंवा नेटचा. बिघाड त्याच अक्षांश-रेखांशावर, तसाच ठाण मांडून बसला असेल, तर दोष डेटाचा. पहिल्यावर इलाज तुमच्या हातात आहे. दुसऱ्याला सेटिंगचं कुठलंही बटण पोचत नाही.

अक्कलकोट दुसऱ्या प्रकारात मोडतं.

होटगीहून रुळाच्या मागे

सोलापूरच्या होटगी रोडवरच्या विमानतळावरून लहान विमान उडवा, सेसना १७२ सारखं. ताशी दोनशे किलोमीटरच्या आसपास वेग धरा. होटगी जंक्शनवर विजापूरचा फाटा उजवीकडे सोडून वाडीकडे जाणारा रूळ पकडा. तिलाटी मागे पडेल, अक्कलकोट रोड स्टेशन येईल. तिथून डावीकडे, म्हणजे उत्तरेला वळलं की दहा-अकरा किलोमीटरवर गाव. सगळा मिळून पंधरा मिनिटांचा प्रवास.

माझ्या स्क्रीनवर रूळ बरोबर आहे. जमिनीचा रंगही बरोबर, कारण तो फोटोतून आलाय. नांगरून पडलेलं काळं रान, मध्येच उसाचा हिरवा तुकडा. इथवर मन खूश होतं. मग कुरनूर धरण दिसतं आणि शंका यायला लागते. धरणाला दोन किनारे आहेत. एक निळ्या पाण्याचा, दुसरा त्याच्या आत फोटोतल्या आटलेल्या पाण्याचा. रेघ काढणाऱ्याने पूर्ण भरलेलं धरण काढलं, फोटो काढणाऱ्याला उन्हाळा सापडला. तलाव म्हणजे कायम तेवढाच असणारा निळा आकार, असं गृहीत धरणाऱ्या माणसाला सोलापूर जिल्हा समजायला वेळ लागणार. इथे पाण्याचा काठ दर महिन्याला सरकतो आणि लोक त्याच्यावरून वर्ष कसं जाणार ते ठरवतात.

मग गाव येतं. उतरत्या लाल छपरांची नीटनेटकी घरं, मध्ये झाडं, कडेला दोन-तीन करडी गोदामं. ज्या वडाखाली स्वामी समर्थ बसत, ज्याच्या नावाने वटवृक्ष मंदिर ओळखलं जातं, तिथे चार मजली फ्लॅटची इमारत. वडाचा पत्ता नाही. शेजारी रस्त्याच्या कडेला एक कुठलंही झाड आहे, जे फ्रान्समध्येही चाललं असतं. राजवाड्याच्या जागी गोदाम. अन्नछत्राच्या जागी आणखी एक, जरा लांबट गोदाम. गावाबाहेरच्या पडीक रानातली वेडी बाभूळ उंच, दाट जंगल झालीय.

आत्याला हे दाखवलं. चष्मा लावून ती बराच वेळ बघत राहिली.

“कुठलं रे हे?”

“आपलं अक्कलकोट, आत्या.”

“आपलं न्हवं हे. कौलं बघ की कशी उतरती हायत. एवढा पाऊस पडतोय का आपल्याकडं?”

या सिनरीवर याहून नेमकी टीका मी वाचलेली नाही. उतरतं छप्पर पावसाच्या मुलखाचं. आमच्याकडची जुनी घरं माळवदाची, वर मातीचं सपाट धाबं. उन्हाळ्यात त्यावर झोपायचं, पापड-कुरडया वाळवायच्या. नव्या घरांना सपाट स्लॅब आणि वर पाण्याची काळी टाकी. छपराचा कोन ही काही सजावट नाही, त्यात पावसाचं मान लिहिलेलं असतं. ते आत्याला वाचता आलं. संगणकाला आलं नाही.

ऑटोजेन खेडं

हे साहित्याच्या वेबझीनमध्ये का लिहितोय, असं कुणी विचारेल. कारण हा दोष मराठी वाचकाला चांगला ओळखीचा आहे.

ऑटोजेन कसं चालतं ते बघा. मायक्रोसॉफ्टच्या २०२० च्या आवृत्तीसाठी ब्लॅकशार्क डॉट एआय या ऑस्ट्रियन कंपनीने उपग्रहाच्या चित्रांवरून जगभरच्या सुमारे दीड अब्ज इमारती यंत्राकडून उभ्या करून घेतल्या. वरून दिसणाऱ्या आकारावरून यंत्र ओळखतं की इथे इमारत आहे, मग तिची उंची आणि छप्पर यांचा अंदाज बांधतं आणि त्या अंदाजाला जुळेल असं घर उभं करतं. या पद्धतीची भव्यता मला मान्य आहे. एवढं जग हाताने बांधायचं तर पिढ्या गेल्या असत्या. पण अंदाज कशावरून बांधायचा आणि घरांचे साचे कुठून आणायचे हे माणसंच ठरवतात. ज्या मुलखातले साचे भरपूर, तो मुलूख वेगवेगळा दिसतो. जिथले कमी, तिथे सगळी गावं एकमेकांची भावंडं.

आता आपल्या कथा-सिनेमातलं खेडं आठवा. एक पार, एक चावडी, पाटलाचा वाडा, पाणवठा, तमाशाचा फड. ते खेडं कुठल्या तालुक्यातलं ते सांगता येत नाही, कारण ते कुठल्याच तालुक्यातलं नसतं. तिथे कुठलं पीक येतं, बाजार कुठल्या वारी भरतो, बायका भांडताना मराठीतून मध्येच कानडीत कधी शिरतात, यातलं काही कळत नाही. शहरातल्या लेखकाने ‘ग्रामीण’ असा साचा उचलला आणि मोकळ्या जागेत बसवला. तेही ऑटोजेनच. उलट व्यंकटेश माडगूळकरांची १९५५ ची ‘बनगरवाडी’ घ्या. माणदेशातली ती धनगरांची वस्ती उचलून कोकणात नेऊन ठेवता येत नाही. तिथल्या जमिनीने, पावसाने आणि मेंढरांनी ती माणसं घडवलेली आहेत. वास्तववादी म्हणजे तपशील जास्त, अशी आपली समजूत असते. खरं तर तपशील किती आहेत याच्यापेक्षा ते तिथलेच आहेत का, याला महत्त्व आहे. माझ्या स्क्रीनवरच्या अक्कलकोटच्या प्रत्येक खिडकीला सावली पडते. रात्री दिवेसुद्धा लागतात. फक्त ती घरं आमची नाहीत.

‘पण गेम उडायचा आहे ना?’

आक्षेप रास्त आहे. सिम्युलेटर विमान उडवायला असतो, देवदर्शनाला नाही. तीस हजार फुटांवरून कुणाला वड दिसणार?

पण लहान विमानाचा वैमानिक चांगल्या हवेत खिडकीतून खाली बघूनच वाट शोधतो. रूळ, नदीचं वळण, तलाव, उंच धुराडं या त्याच्या खुणा. सोलापूरवर आलोय हे ओळखायचं तर पाण्याने वेढलेलं सिद्धेश्वर मंदिर, शेजारी भुईकोट किल्ला आणि उत्तरेला एकरूखचा तलाव दिसायला हवा. म्हणजे खुणा हे विमान उडवण्याचं कामच आहे. खुणा चुकल्या की उडणंही खोटं होतं.

सोलापूरच्या खुणांमध्ये एक अशी होती, जिच्यामुळे अख्खं शहर दोन तट पडून भांडलं. सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याच्या वीजप्रकल्पाची सुमारे ९० मीटर उंच चिमणी. ती विमानतळाच्या वाटेत येते, म्हणून प्रवासी सेवा सुरू होत नाही, असं एका बाजूचं म्हणणं. चिमणी पाडली तर कारखान्याचं गाळप आणि सभासदांचा ऊस यांचं काय, असं दुसरीचं. मोर्चे निघाले, कोर्टकचेऱ्या झाल्या. अखेर १५ जून २०२३ ला पोलीस बंदोबस्तात स्फोट घडवून ती पाडली. ९ जून २०२५ ला सोलापूरहून गोव्याला विमान सुटलं.

माझ्या सिम्युलेटरमध्ये ती चिमणी कधी नव्हतीच. माझं विमान पहिल्या दिवसापासून बिनधास्त उतरत होतं. खऱ्या सोलापुरात ज्या एका गोष्टीने विमान अडवून धरलं, ती गोष्ट विमानाच्याच गेमने वगळली. या वगळण्याने स्क्रीनवर काहीही बिघडलं नाही. काळा चौकोन दिसला नाही, गेम क्रॅश झाला नाही. खेळणारा दूरचा असेल तर इथे काही होतं याची त्याला शंकासुद्धा येणार नाही. ग्लिचच्या कुठल्याही यादीत ही चिमणी सापडणार नाही, आणि मला यातलं हेच सगळ्यात गंभीर वाटतं.

कुणाच्या गावाला हात लागतो

२०२० च्या त्याच आवृत्तीत लंडनचा बकिंगहॅम पॅलेस सुरुवातीला ऑफिसच्या इमारतीसारखा दिसत होता. आमचा राजवाडा गोदाम झाला, राणीचा ऑफिस झाला. इथवर समानता आहे. पण राणीच्या वाड्याची लगेच बातमी झाली. फेब्रुवारी २०२१ मध्ये ब्रिटन आणि आयर्लंडसाठी खास अपडेट आलं, त्यात लंडनसह काही शहरं फोटोग्रामेट्रीने नव्याने उभी राहिली. म्हणजे विमानातून वेगवेगळ्या कोनांतून हजारो फोटो काढायचे आणि त्यांतून इमारतींचे घन आकार तयार करायचे.

अक्कलकोटच्या बाबतीत असं होत नाही यामागे कुणाचा कट नाही, साधी कारणं आहेत. गेम विकत घेणारे गिऱ्हाईक कुठे जास्त, तिकडे मेहनत जास्त. शिवाय भारतात हवाई छायाचित्रणाला परवानगी लागते. १५ फेब्रुवारी २०२१ ला केंद्र सरकारने नकाशांचे नियम पुष्कळ सैल केले. तरीही आडव्या अंतरात एक मीटर आणि उंचीत तीन मीटर यापेक्षा बारीक अचूकतेचा डेटा भारतीय संस्थांनीच तयार करायचा आणि देशातच ठेवायचा, ही अट राहिली. सीमेवरच्या देशाला अशी काळजी का वाटते, हे समजण्यासारखं आहे. पण परिणाम हा की माझं गाव कसं दिसतं, हे माझ्या गावाबद्दल ठरतच नाही. ते बाजारात ठरतं, दिल्लीत ठरतं, आणि उरलेलं यंत्र अंदाजाने भरून काढतं.

मग करायचं काय?

एक वाट उघडी आहे, आणि गंमत म्हणजे ती फॉकनरच्या मनोऱ्याचीच वाट आहे. ओपनस्ट्रीटमॅप २००४ मध्ये इंग्लंडात सुरू झाला. तो कुणाच्याही मालकीचा नाही आणि मोबाइलवरूनही त्यात भर घालता येते. एक्स-प्लेनसारखे सिम्युलेटर रस्ते आणि इमारती त्यातून घेतात. इमारतीचा आकार काढा, मजले लिहा, छप्पर सपाट की उतरतं ते लिहा. देऊळ असेल तर देऊळ म्हणा. झाडाची जात लिहायलाही जागा आहे. हे लगेच स्क्रीनवर येत नाही. गेम नकाशाची प्रत कधीतरी उचलतो, नवी आवृत्ती निघते, मग दिसलं तर दिसतं. पण तोच डेटा इतर ॲपही वापरतात. गेमसाठी काढलेला रस्ता उद्या एखाद्या अँब्युलन्सला सापडू शकतो.

याने सगळं भागेल असं मात्र नाही. रकान्यात वडाची जात लिहिली तरी सिम्युलेटरकडे वडाचा साचाच नसेल तर तिथे पुन्हा फ्रेंच झाडच उगवेल. माळवद नावाचं छप्पर त्याच्या यादीत नसेल तर सपाट छप्पर म्हणून ऑफिसचा स्लॅब येईल. आणि आटणाऱ्या तलावासाठी नकाशात सोय असली तरी गेमने ती वाचायला हवी. म्हणजे आपण माहिती देऊ शकतो, तिचा अर्थ लावणारा दुसराच असतो. आणि आपल्या गावाचं काम फुकटात आपणच करायचं, त्यावरचा गेम मात्र विकत घ्यायचा, हा हिशेबही मला पुरता पटलेला नाही.

म्हणून सिम्युलेटर बनवणाऱ्यांकडे माझी मागणी वेगळी आहे. मला अक्कलकोट लंडनइतकं सुंदर नको. मला एक बटण हवं. ते दाबलं की जमिनीवरचं जे मोजलेलं आहे ते रंगीत राहावं आणि जे अंदाजाने भरलंय ते फिकट व्हावं. जुन्या नकाशांमध्ये ठाऊक नसलेला मुलूख कोरा सोडलेला सापडतो. त्या कोऱ्या जागेत एक प्रामाणिकपणा असतो, आणि कुणीतरी तिथे जाऊन बघावं असं आमंत्रणही. सिम्युलेटरला कोरी जागा सहन होत नाही. तो प्रत्येक फट घरांनी आणि झाडांनी बुजवतो, आणि मग अज्ञान आणि माहिती यांच्यावर सारखंच ऊन पडतं. हे बटण बनवायला फोटोग्रामेट्री लागत नाही, दिल्लीची परवानगी लागत नाही. कुठली इमारत कुठून आली हे गेम बांधताना नोंदवता येतं. ती नोंद खेळणाऱ्यालाही दिसू द्यायची, एवढंच.

ते बटण दाबलं तर अक्कलकोट जवळजवळ सगळंच फिकट होईल, हे मला कळतं. होऊ दे. कोरं गाव बघून निदान एखादा विचारेल की इथे खरं काय आहे. लाल कौलांचं गाव बघून कुणीच विचारत नाही.

ते बटण येईल तेव्हा येईल. तोवर आमच्या गल्लीतली घरं नकाशात भरायला घेतलीत. छप्पर सपाट. मजले दोन. सेव्ह करण्याआधी आकडा पुन्हा एकदा वाचतो.